डावे आसन कोणासाठी?

जुहूच्या विमानतळावरून सकाळी समुद्राच्या दिशेने जाणारी हेलिकॉप्टरे मुंबईकरांच्या इतकी सवयीची झाली आहेत की, मान वर करून त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. त्यांत बसलेली माणसे कोण असतात? ती मंत्री नसतात, उद्योगपती नसतात. ती असतात तेलविहिरींवर काम करणारी माणसे : ड्रिलर, वेल्डर, क्रेनचालक, विद्युत तंत्रज्ञ, अभियंते, स्वयंपाकी. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात उभ्या असलेल्या लोखंडी फलाटांवर ती चौदा चौदा दिवस राबतात आणि पाळी संपली की त्याच हेलिकॉप्टरने घरी येतात. गिरणी कामगाराला जशी लोकल, तसे या श्रमिकांना हेलिकॉप्टर. फरक इतकाच की, लोकल बंद पडली तर कामगार रुळावर उतरून चालू लागतो. इथे खाली समुद्र असतो.

या हेलिकॉप्टरमध्ये पुढे दोन आसने असतात. उजव्या आसनावर कॅप्टन बसतो, डाव्यावर सहवैमानिक. समुद्रावरील प्रवासी वाहतूक एकट्या वैमानिकावर सोपवायची नाही, असा मुंबईच्या तेलक्षेत्रातला दंडक आहे आणि तो योग्यच आहे. मात्र डाव्या आसनाचे काम केवळ मदतीचे नसते. अनुभवी माणसाच्या शेजारी बसून वारा ओळखण्यास, फलाटाच्या कडेचा अंदाज घेण्यास, ढगांत शिरल्यावर डोळ्यांऐवजी उपकरणांवर विश्वास ठेवण्यास नवा वैमानिक तेथेच शिकतो आणि काही वर्षांनी उजव्या आसनावर जातो. डावे आसन ही या व्यवसायाची शाळा आहे. आणि नेमक्या याच शाळेत नव्या विद्यार्थ्याला प्रवेश नाही, ही आजची परिस्थिती आहे.

परवाना हाती, काम नाही

हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर बारावीपर्यंत भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय झालेले असावे लागतात, कठोर वैद्यकीय तपासणीतून पार पडावे लागते, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि सुमारे दीडशे तास उड्डाण करावे लागते. हे तास विकत घ्यावे लागतात. हेलिकॉप्टरचा तास साध्या शिकाऊ विमानाच्या तासाहून कितीतरी महाग असतो. कारण फिरत्या पात्यांच्या या यंत्राची देखभालच खर्चाची असते. देशात हेलिकॉप्टर शिकविणाऱ्या नागरी संस्था बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. म्हणून अनेक तरुण अमेरिकेची किंवा कॅनडाची वाट धरतात, म्हणजे खर्चात परदेशी राहण्याची भर पडते. ज्याचा बाप धनवान आहे त्याला यात अडचण नाही. परंतु शिक्षकाचा मुलगा, एस.टी.तील कर्मचाऱ्याची मुलगी, द्राक्षबागायतदाराचा धाकटा, यांच्यासाठी याचा अर्थ घर गहाण, जमीन तारण आणि डोक्यावर लाखो रुपयांचे कर्ज.

एवढे करून हाती परवाना आला की तो तरुण समुद्रावर हेलिकॉप्टर चालविणाऱ्या कंपनीच्या दारी उभा राहतो. त्याला पहिला प्रश्न विचारला जातो : उड्डाणतास किती? दीडशे, असे तो सांगतो. उत्तर ठरलेले असते. आणखी काही शे तास, जमल्यास हजार तास करून या; दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरचा अनुभव घेऊन या; केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता मिळवून या. हे सारे आणायचे कोठून? दोन इंजिनांची हेलिकॉप्टरे ज्यांच्याकडे आहेत तेच तर हे विचारीत आहेत! केदारनाथसारख्या यात्रांच्या उड्डाणांकडे वळावे, तर तेथे डोंगरातील उड्डाणाचा पूर्वानुभव लागतो आणि तो लागलाच पाहिजे. अमेरिकेत नवा वैमानिक प्रथम शिक्षक होतो, इतरांना शिकविता शिकविता स्वतःचे तास वाढवितो आणि मग समुद्राकडे वळतो. येथे मुळात शाळाच मोजक्या, तेव्हा शिक्षकांच्या जागाही मोजक्याच.

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी म्हण मराठीत आहे. वेडाच्या बाबतीत ती विनोदाची ठरते. कर्जाचा हप्ता दरमहा चालू असलेल्या तरुणाच्या बाबतीत तिच्यात विनोद उरत नाही. परवाना आणि वैद्यकीय पात्रता जिवंत ठेवण्यासाठीही खर्च करावा लागतो. उडणे थांबले की हात बिघडतो. आणि दोन-चार वर्षांत कर्ज तेवढे शिल्लक राहून वैमानिक संपतो.

अनुभव कोणी घडविला?

अनुभवाची अट निरर्थक आहे, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. समुद्रावरचे उड्डाण हे धावपट्टीवरच्या उड्डाणाहून निराळे शास्त्र आहे. जमिनीवर उतरताना झाडे, रस्ते, घरे यांवरून उंचीचा आणि वेगाचा अंदाज येतो. रात्रीच्या समुद्रावर यांपैकी काही नसते. वर काळोख, खाली काळोख. अशा वेळी वैमानिकाला स्वतःच्या शरीराची संवेदनाच फसविते. फलाटावर उतरण्याची जागा लहान असते, शेजारी क्रेनचे हात, वायू जाळणाऱ्या नळीची ज्वाला आणि तिच्यामुळे तापून अस्थिर झालेली हवा. पावसाळ्यातील वारा हिशेबात धरला की ही कामगिरी किती जोखमीची आहे ते ध्यानात येईल. तेव्हा अनुभव हवाच. प्रश्न एवढाच आहे की, हा अनुभव कोणी घडवायचा आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा?

आजवर या प्रश्नाला तेल उद्योगाने जगभर एकच उत्तर दिले : लष्कराने. मेक्सिकोच्या आखातात तेलकंपन्यांसाठी हेलिकॉप्टर वाहतुकीचा धंदा १९४९ नंतर उभा राहिला. परंतु तो फोफावला तो व्हिएतनाम युद्धानंतर. त्या युद्धासाठी अमेरिकी सरकारने करदात्यांच्या पैशातून हजारो हेलिकॉप्टर वैमानिक तयार केले होते. युद्धातून परतलेल्या या तरुणांना काम हवे होते आणि कंपन्यांना आयते, शिकलेले, हजारो तासांचे वैमानिक. प्रशिक्षणाचा एक डॉलरही न खर्चता एका उद्योगाचे मनुष्यबळ उभे राहिले. ती पिढी निवृत्तीला आली तेव्हा कंपन्यांनी ‘वैमानिकांचा तुटवडा’ म्हणून गळा काढला. जणू काही वैमानिक शेवग्याच्या शेंगांसारखे झाडाला लागतात आणि त्या वर्षी बहर आला नाही!

भारतातील चित्र वेगळे नाही. येथील नागरी हेलिकॉप्टर वैमानिकांचा फार मोठा भाग भूदल, नौदल आणि हवाई दल यांतून येतो. या वैमानिकांच्या कौशल्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे. सैन्यातून आलेला वैमानिक हा नव्या वैमानिकाचा शत्रू नव्हे. त्यानेही आयुष्याची उमेदीची वर्षे देऊनच हे तास मिळविलेले असतात. तक्रार आहे ती त्याच्या कौशल्याचा फुकट लाभ उठविणाऱ्या व्यवस्थेबद्दल. राष्ट्राने संरक्षणासाठी केलेला खर्च तेल आणि वाहतूक कंपन्यांच्या ताळेबंदात नफा म्हणून जमा होतो, आणि ही सोय आहे तोवर नवीन माणूस शिकविण्याची गरज कोणालाही भासत नाही.

तेल राष्ट्राचे, यंत्र राष्ट्राचे. शिक्षण मात्र ज्याचे त्याने

मुंबई हायचा इतिहास येथे आठवणे आवश्यक आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तेथे तेल शोधून काढले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. परकीय तेलकंपन्यांच्या विरोधाला न जुमानता सार्वजनिक क्षेत्रात तेल संशोधन उभे करण्याचे जे धोरण केशवदेव मालवीयांच्या काळात आखले गेले, त्याचे हे फळ. समुद्रातून तेल काढण्याची विद्या भारतीयांना येत नाही, असे सांगणारे पंडित त्या काळी थोडे नव्हते. भारतीय अभियंते आणि कामगार यांनी ती विद्या काम करता करताच शिकून घेतली. अनुभव नाही म्हणून काम नाही, हा न्याय त्या वेळी लावला असता तर मुंबई हायचे तेल आजही समुद्राच्या तळाशीच असते, किंवा परक्यांच्या पिंपांत गेले असते.

हेलिकॉप्टर वाहतुकीसाठी परदेशी कंत्राटदारांवर विसंबून राहू नये, या विचाराने १९८५ साली सार्वजनिक क्षेत्रात हेलिकॉप्टर महामंडळ स्थापन झाले. तेच पुढे ‘पवन हंस’ या नावाने ओळखले जाऊ लागले. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाच्या समुद्रातील कामाला आधार देणे हे त्याचे मुख्य प्रयोजन होते. पुढे या कंपनीत ५१ टक्के भाग केंद्र सरकारचा आणि ४९ टक्के तेल कंपनीचा, अशी रचना झाली. म्हणजे ज्याला वैमानिक हवेत तो ग्राहक आणि जो वैमानिक पुरवितो तो पुरवठादार, हे दोघेही सार्वजनिक मालकीचे. नव्या पिढीचे वैमानिक घडविण्यासाठी याहून अनुकूल रचना कोणत्या देशाला लाभली असेल?

पण यंत्रांची खरेदी जितक्या उत्साहाने होते तितक्या उत्साहाने माणसांची जडणघडण होत नाही. ब्रिटिश सरकारच्या मदतीचे आमिष दाखवून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरे या देशाच्या गळ्यात मारण्यात आली. दोन भीषण अपघातांनंतर ती जमिनीवर उभी करावी लागली आणि अखेर कवडीमोलाने विकावी लागली. त्या रकमेच्या अल्पशा अंशात नागरी वैमानिकांची एक शाळा कित्येक वर्षे चालली असती, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. त्यानंतर आला विक्रीचा काळ. पवन हंस विकून टाकण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले. २०२२ साली २११ कोटी रुपयांच्या बोलीवर सौदा जाहीरही झाला. बोली लावणाऱ्या गटातील एका भागीदाराबाबत न्यायाधिकरणाचा प्रतिकूल निर्णय पुढे आल्यामुळे तो प्रथम स्थगित ठेवावा लागला आणि २०२३ साली ती सारी प्रक्रियाच रद्द झाली. जी संस्था विक्रीच्या फळीवर मांडली आहे, ती दहा वर्षांनी लागणाऱ्या कॅप्टनसाठी आज पैसे कशाला खर्चील? दुकानदार दुकान विकायला काढतो तेव्हा भिंतीला रंग देतो. पण अंगणात आंब्याचे झाड लावीत नाही.

निविदेचे तर्कशास्त्र

याच्या मुळाशी निविदा पद्धती आहे. तेल कंपनी हेलिकॉप्टरांसाठी निविदा मागविते. त्या निविदेत वैमानिकांच्या किमान उड्डाणतासांच्या अटी असतात. या अटींचा सांगाडा बऱ्याच अंशी तेल कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांवरून येतो. सर्व अटी पूर्ण करून जो सर्वांत कमी दर देईल त्याला काम. आता एखाद्या वाहतूक कंपनीने ठरविले की, आपण दरवर्षी चार नवे तरुण घेऊ, त्यांना हेलिकॉप्टरच्या विशिष्ट जातीचे शिक्षण देऊ, सिम्युलेटरवर बसवू, डाव्या आसनावर तास मिळवून देऊ, तर त्या कंपनीचा दर वाढणार आणि काम दुसऱ्याला जाणार. तेव्हा या पद्धतीत शिकविणाऱ्याला दंड आहे आणि न शिकविणाऱ्याला बक्षीस. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. तोट्याचा भार समाजावर आणि नफा खाजगी खिशात, हा भांडवली हिशेबाचा नेहमीचाच नियम येथे निविदेच्या कागदावर उतरला आहे.

याचा परिणाम असा की, शिक्षणाचा खर्च खाली खाली ढकलला जातो. तेल कंपनी तो वाहतूक कंपनीवर ढकलते, वाहतूक कंपनी उमेदवारावर, उमेदवार बापावर आणि बाप बँकेवर. विशिष्ट हेलिकॉप्टरचे शिक्षण स्वतःच्या पैशाने घेऊन आलेल्या उमेदवाराला प्राधान्य मिळू लागते. मग गुणवत्तेची निवड उरत नाही, ऐपतीची निवड होते. ज्या किनाऱ्यासमोर हा तेलाचा साठा सापडला, त्या पालघर-डहाणूच्या मच्छीमारांनी सर्वेक्षणाच्या काळात आपली जाळी आवरून घेतली आहेत. फलाटांभोवतालचा समुद्र त्यांना वर्ज्य झाला आहे. त्यांच्या एखाद्या मुलाला वारा आणि लाट पिढीजात कळत असेल. परंतु डाव्या आसनावर तो कधी बसेल, याची तजवीज या सार्वजनिक उद्योगाने केलेली नाही.

सुरक्षिततेचे निमित्त

या मागणीवर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येणार. तेल कामगारांचे प्राण नवशिक्यांच्या हाती द्यावयाचे काय, असे विचारले जाईल. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा विचार गंभीरपणेच केला पाहिजे; कारण मुंबईच्या समुद्राने फार माणसे घेतली आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये तेल कर्मचाऱ्यांना नेणारे एक मोठे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून वीसहून अधिक माणसे गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या उड्डाणाच्या सरावात दोन वैमानिक प्राणाला मुकले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले हेलिकॉप्टर डहाणूच्या समोर पडले. तेल कंपनीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक, सातही जण गेले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊपैकी चौघे वाचू शकले नाहीत.

या यादीवरून एक गोष्ट दिसते. अनुभवाच्या अटी निविदेत होत्याच. तरीही अपघात झाले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात आणि त्यांचा निवाडा तज्ज्ञांनीच करावयाचा. पण केवळ तासांचा आकडा म्हणजे सुरक्षितता, ही समजूत मात्र टिकत नाही. डोंगरात मिळविलेले तीन हजार तास समुद्रावरच्या काळोख्या रात्री आपोआप उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते समुद्रावरचे पद्धतशीर शिक्षण : सिम्युलेटरवर बिघाडांचा वारंवार सराव, दिवसा मग रात्री, मोठा फलाट मग लहान, आणि शेजारी शिकविण्याची जबाबदारी व त्यासाठी वेळ असलेला कॅप्टन. नवा माणूस कॅप्टन म्हणून बसवावा, असे कोणीही म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की, त्याला डाव्या आसनावर, देखरेखीखाली, ठरलेल्या क्रमाने घडू द्यावे. वाहतूक वैमानिकाच्या वरच्या परवान्यास हजार तास लागतात. ते हजार तास याच समुद्रावर, याच वाऱ्यात झालेले असतील, तर असा कॅप्टन प्रवाशांना अधिक लाभाचा की दुसरीकडचे तास घेऊन आलेला?

सुरक्षिततेची दुसरी एक बाजू आहे, तिच्याविषयी मालकवर्ग कधी बोलत नाही. वैमानिकाचे सर्वांत मोठे कौशल्य हेलिकॉप्टर उडविण्यात नसते. ‘आज उडणार नाही’ असे म्हणण्यात असते. या नकाराचे मोल काय, हे २००५ सालच्या जुलैने दाखविले. २७ जुलै २००५ रोजी वादळी हवेमुळे जुहूची हेलिकॉप्टरे उडू शकत नव्हती. एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली होती. त्याला हेलिकॉप्टरने नेता येईना, म्हणून जहाज मुंबई हायच्या उत्तर फलाटाजवळ आणले गेले. ते फलाटाच्या वायुवाहक नळीवर आदळले, आग भडकली आणि २२ माणसे मृत्युमुखी पडली. हेलिकॉप्टर उडवावयास हवे होते, असा याचा अर्थ नव्हे. अशा हवेत न उडणेच बरोबर होते. चूक झाली ती दुसऱ्या मार्गाने धोका पत्करण्यात. न उडण्याचा निर्णय किती जड असतो आणि त्या निर्णयावर किती बाजूंनी ताण येतो, हे या घटनेवरून कळावे.

आता असा निर्णय घेण्याची वेळ आलेला वैमानिक डोळ्यांपुढे आणावा. त्याची नेमणूक ठराविक मुदतीच्या करारावर झालेली आहे. डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे. हेलिकॉप्टर उपलब्ध नसले की कंपनीला दंड, हे त्याला माहीत आहे. दाराबाहेर परवाना घेतलेले बेकार तरुण उभे आहेत, हेही माहीत आहे. या माणसाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द किती मोकळेपणाने निघेल? कर्ज आणि बेकारी यांनी वैमानिकाची जीभ बांधली जाते, आणि जीभ बांधलेल्या वैमानिकामागे बसलेल्या वेल्डरचे आणि स्वयंपाक्याचे प्राण टांगणीला लागतात. नव्या वैमानिकाचा प्रश्न हा एका सुशिक्षित बेकाराचा प्रश्न राहत नाही, तो येथे सर्व तेल कामगारांचा प्रश्न होतो.

वैमानिक हा श्रमिक आहे काय?

पुरोगामी चळवळीतील काही कार्यकर्त्यांनाही वैमानिकाविषयी आत्मीयता वाटत नाही. गणवेश, पट्ट्या, भरघोस पगार. हा आपला माणूस नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ती तपासून घेतली पाहिजे. उत्तर समुद्राच्या तेलाची चढती कमान असताना, १९७७ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ब्रिस्टो या हेलिकॉप्टर कंपनीच्या वैमानिकांनी संप केला. परदेशातील बदली नाकारणाऱ्या एका सहकाऱ्याला काढून टाकल्यावरून ठिणगी पडली आणि प्रश्न संघटनेच्या मान्यतेवर जाऊन पोहोचला. कंपनीच्या मालकाला कामगार संघटनेचे वावडे होते. संपकऱ्यांवर बडतर्फीची कुऱ्हाड कोसळली आणि प्रकरण सरकारी चौकशीपर्यंत गेले. मेक्सिकोच्या आखातातही २००६ साली तेथील सर्वांत जुन्या हेलिकॉप्टर कंपनीच्या संघटित वैमानिकांना संपावर जावे लागले. वेतनाचा आकडा मोठा असला म्हणजे माणूस मालक होत नाही. ज्याला आपले श्रम विकल्याशिवाय जगता येत नाही आणि नकार दिल्यास घरी बसावे लागते, तो श्रमिकच होय.

ब्रिस्टोच्या उदाहरणात आणखी एक धडा आहे. ही कंपनी संघटनेची कट्टर विरोधक. पण तिने इंग्लंडमध्ये स्वतःची उड्डाणशाळा चालविली आणि नवे उमेदवार घेऊन त्यांना वैमानिक बनविले. हा दानधर्म नव्हता. माणसे लागणार, ती आपोआप उगवणार नाहीत, एवढा व्यवहार त्या भांडवलदाराला कळत होता. जे संघटनाद्वेष्ट्या खाजगी मालकाला जमले ते समाजवादाचा वारसा सांगणाऱ्या सार्वजनिक उद्योगाला जमू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

काय मागावयाचे?

मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली : समुद्री हेलिकॉप्टर वाहतुकीच्या प्रत्येक दीर्घ मुदतीच्या करारात नव्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या जागा बंधनकारक कराव्यात आणि त्यांचा खर्च निविदेच्या तुलनेतून वगळून तेल कंपनीने स्वतंत्रपणे द्यावा, म्हणजे शिकविणारा तोट्यात जाणार नाही. ही कल्पना हवेतली नव्हे. २०२४ साली पवन हंसला तेल कंपनीकडून चार ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांसाठी दहा वर्षांचे, दोन हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे काम मिळाले. दहा वर्षांत एक नवशिका तरुण अनुभवी कॅप्टन होतो. दोन हजार कोटींत त्याच्या शिक्षणाचा खर्च तो काय?

दुसरी : या जागांसाठी खुली, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, आरक्षणाचे तत्त्व पाळावे, निवड झालेल्याकडून अनामत रक्कम किंवा शिक्षणशुल्क घेऊ नये. त्याच्याकडून काही वर्षे सेवेची हमी घेणे न्याय्य आहे. परंतु ती हमी असावी, वेठबिगारीचा कागद नसावा. तिसरी : बंगळूरचे सिम्युलेटर आणि गोव्यात ६ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेले समुद्रसुरक्षेचे प्रशिक्षण केंद्र यांसारख्या सार्वजनिक पैशाने किंवा सार्वजनिक उद्योगांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या सोयी या उमेदवारांना विनामूल्य उपलब्ध कराव्यात. बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडावे, हे तेल कामगाराला शिकविले जाते; ते न बुडू देण्याची विद्या शिकविण्यातही तेवढीच तत्परता हवी. चौथी : हवामानाच्या किंवा यंत्राच्या कारणाने उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकावर कारवाई होणार नाही आणि अशा नकारापोटी कंपनीला दंड होणार नाही, असे कलम करारात असावे.

या मागण्या वैमानिकांनी एकट्याने करून भागणार नाही. त्यांची संख्या थोडी आहे. तेल कामगारांच्या संघटनांनी, त्यांतही कंत्राटी कामगारांच्या संघटनांनी, आपल्या मागण्यांच्या यादीत त्या घेतल्या पाहिजेत. कारण मागच्या आसनांवर बसणारे तेच आहेत. पुढे बसलेला आणि मागे बसलेला यांच्यामध्ये फारसे अंतर नसते. यंत्र पडले तर दोघेही एकाच पाण्यात पडतात. हे ज्या दिवशी दोघांनाही उमगेल, त्या दिवशी डाव्या आसनावर कोणी बसावे हा निर्णय एकट्या निविदेच्या कागदावर होणार नाही.